शेजाऱ्यांनी मार्जिन सोडलं नाही, मग मी का सोडू? (३० बाय ४० चा प्लॉट, जुळे सोलापूर)

जुळेकर

नमस्कार मंडळी.

जुळे सोलापुरात वडिलांनी घेतलेला ३० बाय ४० चा प्लॉट आहे. मंजूर लेआउटमधला, समोर ९ मीटरचा रस्ता. दिवाळीनंतर बांधकाम काढायचं म्हणतोय. खाली हॉल, किचन, एक बेडरूम, वर दोन खोल्या. बास.

अडचण पूर्वेच्या बाजूला आहे. तिथल्या काकांनी मागच्या वर्षी घर बांधलं ते मार्जिन (हद्द आणि घर यांच्यामधली मोकळी जागा) न सोडता, थेट कंपाउंडला चिकटवून. पहिल्या मजल्याचा छज्जा आमच्या हद्दीत आलाय आणि पावसाचं सगळं पाणी आमच्या प्लॉटमध्ये धो धो पडतं. त्या भिंतीला एक खिडकीपण काढलीये, ती आमच्याकडे उघडते.

आता मिस्त्री म्हणतो, "त्यांनी सोडलं नाही, तुम्ही कशाला सोडताय? भिंतीला भिंत लावा, दोन खोल्या मोठ्या होतील." मेव्हणा म्हणतो दीड हजार स्क्वेअर फुटाच्या आत परवानगीच लागत नाही, नियम बियम मोठ्या बिल्डिंगला. आणि बायको म्हणते मे महिन्यात खिडकी कुठं उघडणार ते आधी सांगा.

खरं काय आहे? पुढे, मागे, बाजूला किती सोडायचं? आणि काकांशी भांडण नकोय. हुरड्याला दरवर्षी एकत्र जातो आम्ही.

काय_की

मिस्त्री बरोबर बोलतोय बे. आमच्या नगरात मार्जिन सोडलेलं एक घर दाखव, चहा माझ्याकडून. सगळ्यांनी खाल्लंय. तू एकटा पाच फूट सोडशील, त्यात शेजारचा स्कूटर लावील.

होटगी_रोड

@काय_की, स्कूटर लावली तर काढायला सांगता येते. भिंत बांधली तर काय सांगणार?

रेषा_दोरी

नकाशे करणं हेच माझं काम आहे, त्यामुळे जरा लांबेल.

पहिलं, नियम कुठला. डिसेंबर २०२० पासून मुंबई, एमआयडीसी आणि अशी काही मोजकी क्षेत्रं सोडली तर अख्ख्या महाराष्ट्राला एकच विकास नियंत्रण नियमावली आहे. तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. सोलापूर शहर त्यातच येतं. तिच्यात दाट वस्तीचा भाग, म्हणजे जुन्या पेठा आणि गावठाण, वेगळा धरलाय आणि बाहेरचा भाग वेगळा. जुळे सोलापूर बाहेरच्या भागात.

तुमचा रस्ता १५ मीटरपेक्षा कमी रुंदीचा, घर राहतं, उंची १५ मीटरच्या आत. अशा प्लॉटला समोर ३ मीटर आणि दोन्ही बाजूंना व मागे दीड दीड मीटर. फुटात सांगायचं तर समोर ९ फूट १० इंच, बाकी तिन्हीकडे ४ फूट ११ इंच.

आता तुमच्या प्लॉटवर बसवून बघू. रुंदी ३० फूट, त्यातून दोन्हीकडचं वजा जाता २० फूट २ इंच उरतात. लांबी ४० फूट, पुढचं-मागचं वजा जाता २५ फूट ३ इंच. म्हणजे एका मजल्यावर साधारण ५०९ स्क्वेअर फूट. मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते) १.१ धरला तर १,२०० च्या प्लॉटवर १,३२० स्क्वेअर फूट बांधता येतं. दोन मजल्यांत तुमचे १,०१८ होतात. म्हणजे तुम्हाला जेवढं हवंय तेवढं मार्जिन सोडूनही बसतंय आणि वर तीनशे फूट शिल्लक राहतंय. मार्जिन खाऊन खोल्या मोठ्या होतील, पण ते सोडलं म्हणून घर होत नाही असं नाही. मिस्त्रीला हे गणित कुणी मांडून दाखवलेलं नसतं, कारण त्याची मजुरी स्क्वेअर फुटावर असते.

दुसरं, मेव्हण्यांचं. त्यांनी ऐकलंय ते अर्धं खरं आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला (तुमचा १११ आहे) परवानगीचा लांबचा फेरा नाही. परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरने नियमात बसतोय असं प्रमाणित केलेला नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचं, ती पावतीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत शुल्काचं चलन द्यायचं अशी तरतूद आहे. यात सवलत आहे ती फेऱ्या मारण्यातून. मार्जिन, उंची, एफएसआय यातलं काहीही माफ नाही. उलट जबाबदारी सही करणाऱ्यावर आणि मालकावर आली. उद्या मोजलं आणि दीड मीटरच्या जागी दीड फूट निघालं तर "पालिकेने मंजूर केलं होतं" असंही म्हणता येणार नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मार्जिन कंपाउंडपासून मोजायचं नसतं, प्लॉटच्या हद्दीपासून मोजायचं असतं. कंपाउंड हद्दीवरच आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? शेजाऱ्यांचा छज्जा तुमच्या हद्दीत किती इंच आलाय हेसुद्धा त्याशिवाय सांगता येणार नाही. आधी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात आल्याशिवाय लाईनआउट (जागेवर दोरी बांधून आखणी) करू नका, आणि काकांशी बोलूही नका.

काय_की

एवढं सगळं खरं, पण शेजाऱ्याने खाल्लेलंच आहे ना? मग दोघांच्या मध्ये पाच फुटाची बोळ. त्यात घुशी, कचरा आणि मांजरं.

रेषा_दोरी

दोघांनी पाच पाच सोडले असते तर दहा फूट झाले असते, तिथे उन्हही येतं आणि माणूसही जातो. नियम करताना हिशोब दोन्ही बाजू धरूनच असतो.

आणि मार्ग हवाच असेल तर कायदेशीर मार्ग आहे. जोडघर, म्हणजे सेमी-डिटॅच्ड. दोन प्लॉटमध्ये सामाईक भिंत, आणि प्रत्येकाने फक्त दुसऱ्या एका बाजूला मार्जिन सोडायचं. पण ते दोघांच्या संमतीने आणि दोघांच्या नकाशात तसं दाखवून करायचं असतं. सामाईक भिंतीत खिडकी नाही, पाईप नाही. काकांनी खिडकी काढलीये, म्हणजे त्यांच्या मनात जोडघर नव्हतंच. त्यांना भिंतही हवी होती आणि वाराही, दोन्ही तुमच्या जागेतून.

बाळीवेस

तुमचं बरंय, मार्जिनवर चर्चा तरी करताय. आमच्या गल्लीत समोरच्याच्या खिडकीतून चहाचा कप घेता येतो. वाडा पाडून नवीन बांधायचा विचार आहे, रुंदी १८ फूट, दोन्हीकडे जुने वाडे टेकलेले. इथे पाच पाच फूट सोडले तर आठ फुटाचं घर होईल. त्यात राहायचं की रांगेत उभं राहायचं?

रेषा_दोरी

@बाळीवेस, दाट वस्तीत हिशोब निराळा. तिथे बाजूच्या मार्जिनची सक्ती तशी नाही. उजेड-वाऱ्यासाठी चौक किंवा ठरावीक मापाची मोकळी जागा दाखवावी लागते. जुन्या वाड्यांत मधला चौक होताच की, तोच लहान करून ठेवायचा. चौक बुजवून वर पत्रा टाकण्याची जी पद्धत पडलीये तिने घरं अंधारी झाली.

तुम्हाला खरा फटका पुढच्या बाजूला बसेल. गल्ली साडेचार मीटरपेक्षा अरुंद असेल तर गल्लीच्या मध्यापासून सव्वादोन मीटर सोडून मग जोता (पायावरचा चौथरा). समजा गल्ली दहा फुटाची आहे, म्हणजे साधारण ३ मीटर. मध्यापासून तुमच्या दारापर्यंत दीड मीटर होतं. अजून पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट मागे सरकायचं. समोरचा जेव्हा बांधेल तेव्हा तोही अडीच फूट सरकेल, आणि कधीतरी गल्ली पंधरा फुटाची होईल.

बाळीवेस

कधीतरी म्हणजे आमच्या नातवाच्या लग्नात. ठीकाय, अडीच फूट देऊ. निदान ॲम्ब्युलन्स येईल.

पण पाया? शेजारचा वाडा मातीच्या भिंतीचा आहे. आम्ही खणलं की तो झोपेल.

काळी_माती

@बाळीवेस, हद्दीच्या भिंतीला साधं चौकोनी फुटिंग (कॉलमखालचा पाया) घेऊ नका, निम्मं शेजाऱ्याच्या खाली जातं. कॉलम कडेला ठेवून फुटिंग आतल्या बाजूला वाढवतात आणि आतल्या कॉलमशी स्ट्रॅप बीमने बांधतात. खड्डे एकदम सगळे खणायचे नाहीत, एक आड एक घ्यायचे. आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वाचवू नका. सिमेंटच्या दोन गोण्या कमी-जास्त झाल्या तर घासाघीस करता आणि इथे फुकट सल्ला शोधता. (हा सल्ला फुकटच आहे म्हणा.)

मागवाला

आमचं अशोक चौकाकडं घर, खाली माग, वर आम्ही. लहानपणापासून शेजारच्या मागाच्या आवाजावर झोपलोय. भिंत एकच होती, त्यांचा माग चालू झाला की आमच्या फळीवरची भांडी हलायची. पुढं वडलांनी नीलम नगरकडं घर घेतलं, तिथं मधी जागा सोडलेली. पहिल्या रात्री आईला झोपच लागली नाही, म्हणे माग बंद पडलाय की काय.

सांगायचं काय, जागा सोडली की आवाज, धूर, भांडण सगळंच कमी होतंय. आणि आग. गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये, अक्कलकोट रोडला टॉवेल कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली. चारी बाजूंनी गाडी फिरायला जागा पाहिजेच पाहिजे.

रेषा_दोरी

@मागवाला, ती जागा एमआयडीसीची. तिथे यूडीसीपीआर लागत नाही, त्यांची नियमावली वेगळी. पण मुद्दा बरोबर आहे. आपल्याकडेही इमारत १५ मीटरच्या वर गेली की बाजूचं मार्जिन उंचीच्या एक पंचमांश धरतात, म्हणजे उंची वाढेल तसं मार्जिन वाढतं. ते अग्निशमनाची गाडी आणि शिडी डोळ्यांपुढे ठेवूनच. दुमजली घराला गाडी फिरवायची नसते, तिथे दीड मीटर पुरतं.

होटगी_रोड

उंचीवरून आठवलं, आमच्या बाजूला विमानतळामुळे उंचीचं वेगळंच प्रकरण आहे. जून २०२३ मध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा अख्खं सोलापूर गच्चीवर होतं. धावपट्टीच्या आसपास चार मजले काढणाऱ्यांनी आधी उंचीची एनओसी बघावी.

काय_की

धागा मार्जिनचा, चिमणी कुठून आली लका.

कायद्याचं_बोला

@जुळेकर, दिवाणी कोर्टात प्रॅक्टिस करते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

खिडकी आणि पाणी या दोन्हींकडे आजच लक्ष द्या. सुविधाधिकार कायदा १८८२, कलम १५. एखाद्या खिडकीतून येणारा उजेड-वारा वीस वर्षं विनाअडथळा, शांतपणे उपभोगला तर तो हक्क होतो. वळचणीचं पाणी दुसऱ्याच्या जागेत सोडण्याचंही तसंच. आज ती खिडकी एक वर्षाची आहे, हक्क वगैरे काही नाही. पण "जाऊ द्या, शेजारी आहेत" म्हणत वीस वर्षं गेली तर तुमचा मुलगा माझ्यासारख्या कुणाच्या तरी ऑफिसात बसलेला असेल. भांडू नका, पण साध्या कागदावर पत्र द्या. छज्जा आमच्या हद्दीत आलाय, पाणी आमच्याकडे पडतं, व्यवस्था करावी. पोच घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी स्क्रीनशॉट ठेवा.

हद्दीबाहेर आलेला छज्जा हा मालकी हक्काचा प्रश्न आहे, त्यासाठी दिवाणी दावा होतो. मार्जिन न सोडणं हा नगररचनेचा प्रश्न आहे, त्यासाठी प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ५३. त्याखाली नोटीस निघते, मालकाला मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, आणि ते नियमात बसत असेल तरच टिकतं. लोक हे दोन्ही एकाच तक्रारीत कालवतात आणि मग दोन्ही ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवतात.

विडी_घरकुल

आमच्या मामांचं घर गेली दहा वर्षं घरपट्टी भरतंय. नकाशा नाही, काही नाही. टॅक्स लागला म्हणजे अधिकृतच झालं ना?

कायद्याचं_बोला

नाही. घरपट्टी वापरावर लागते. अनधिकृत बांधकामाला तर महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ खाली शास्ती वेगळी लागते. निवासी बांधकाम सहाशे फुटांपर्यंत असेल तर ती माफ, सहाशे एक ते हजारपर्यंत मालमत्ता कराच्या निम्मी, त्यावर दुप्पट. आणि शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. पावत्यांची फाईल जपून ठेवा, पण तिला परवानगी समजू नका.

विडी_घरकुल

मग प्रशमन का काय ते निघालेलं? पैसे भरून नियमित करायचं.

रेषा_दोरी

ते २०१७ चं, कलम ५२अ. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी. मामांचं घर त्याआधीचं असेल तर जुने पुरावे घेऊन विचारा. @जुळेकर यांच्या काकांचं मागच्या वर्षीचं बांधकाम त्यात कुठल्याच बाजूने बसत नाही. गुंठेवारी निराळी, तिची तारीख २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. हद्दवाढ भागातल्या अनेकांना तिचाच आधार आहे. पण तो तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटचा प्रश्न, तुमच्यासारख्या मंजूर लेआउटचा नाही.

जुळेकर

सगळ्यांचे आभार. मोजणीचा अर्ज टाकला होता, द्रुतगतीचे पैसे भरून. मोजणीदार येऊन गेले, 'क' प्रत मिळाली.

कंपाउंड पुढच्या बाजूला बरोबर हद्दीवर आहे, पण मागे जाता जाता आमच्या प्लॉटमध्ये आठ इंच शिरलंय. तिरकं. ते काकांनी नाही घातलेलं, त्यांच्या आधीच्या मालकाने घातलेलं. काकांनी बिचाऱ्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवून भिंत उचलली. म्हणजे मागच्या कोपऱ्यात त्यांची भिंतच आमच्याकडे आहे, छज्जा राहिला बाजूला.

प्रत घेऊन त्यांच्याकडे गेलो. आधी चिडले. म्हणाले मोजणीदाराला पैसे दिलेस. मग काकूंनी नकाशा हातात घेतला, स्वतः टेप आणला आणि खांबापासून मोजायला लागल्या. दोनदा मोजलं. मग काका गप्प झाले. छज्ज्याला पन्हळ लावून पाणी त्यांच्या बाजूने पुढे काढायचं कबूल केलंय, खिडकीला वरच्या उंचीवर झरोका करून घेणार आहेत. आठ इंचाच्या तुकड्याचं अजून ठरलं नाही. वडील म्हणतात राहू दे, भाऊ म्हणतो एक इंच सोडायचा नाही.

दोन प्रश्न. माझं पूर्वेचं मार्जिन आता त्या कंपाउंडपासून की 'क' प्रतीतल्या रेषेपासून? आणि पाणी रोज येत नाही, मोठा हौद लागणारच, तो समोरच्या मार्जिनमध्ये चालेल का?

कायद्याचं_बोला

"राहू दे" म्हणायचं असेल तर तेही कागदावर म्हणा. तोंडी राहू दिलेली जागा बारा वर्षांनी ताबा म्हणून समोर येते. दोघांच्या सहीने लिहून ठेवा की हद्द 'क' प्रतीप्रमाणे आहे आणि भिंत केवळ परवानगीने उभी आहे.

रेषा_दोरी

रेषेपासून. नकाशात हद्द 'क' प्रतीचीच दाखवायची आणि दीड मीटर तिथून. प्रत्यक्षात मागच्या कोपऱ्यात तुमच्या आणि त्यांच्या भिंतीमध्ये जागा थोडी कमी दिसेल, कारण त्यांची भिंत पुढे आलीये. त्याने तुमचा नकाशा अडत नाही.

मोजताना भिंतीचा बाहेरचा चेहरा धरा, प्लॅस्टरसकट. विटेपर्यंत ४ फूट ११ बरोबर ठेवलं आणि वर प्लॅस्टर चढलं की इंचभर गेलाच. लाईनआउटला ५ फूट १ इंच धरून दोरी बांधा. छज्जा पाऊण मीटरपर्यंत मार्जिनमध्ये चालतो, त्याच्यावर खोली चालत नाही. हे मिस्त्रीला लिहून द्या, कारण पुढे "छज्जा जरा मोठा घेऊ, कपाट बसेल" हे वाक्य येणारच आहे.

हौद जमिनीखाली असेल तर समोरच्या मार्जिनमध्ये चालतो, फक्त झाकण जमिनीबरोबर ठेवा आणि शोषखड्ड्यापासून लांब. पुढचं कंपाउंड दीड मीटर उंच. त्याच्या वर जायचं तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं, पण वरचा ९० सेंटीमीटर भाग जाळीचा हवा.

जोता झाला की तिथेच थांबा आणि आर्किटेक्टकडून जोत्याचं प्रमाणपत्र दाखल करून घ्या. भिंती चढल्यावर चूक निघाली तर घण लागतो, जोत्यावर निघाली तर दोन दिवसांची मजुरी जाते.

काय_की

चहा पाजतो म्हटलं होतं, ते फिक्स. घर झालं की सांग, येतो मोजायला.